थायरॉईडची 'नॅचरल' कॅप्सूल : एक स्टार, तोही डबीसाठी

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नौपाड्यात राहते, रोज सकाळी ठाण्याहून लोकल पकडते आणि २०१९ पासून मला थायरॉईड आहे. म्हणजे ती ग्रंथी सगळ्यांच्याच गळ्यात असते, माझी काम करत नाही, पण आपल्याकडे असंच म्हणतात. माझा प्रकार हाशिमोटोचा, म्हणजे शरीर स्वतःच त्या ग्रंथीला शत्रू समजून हळूहळू खातं. ग्रंथी बनवू शकत नाही ते हार्मोन, थायरॉक्सिन, त्याची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती आणि बरं चाललं होतं.

गेल्या वर्षी परत केस गळायला लागले, दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे, टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडला की तो चढतो) ६.८ आला. मला वाटलं झालं, ही केमिकलवाली गोळी आता लागू पडत नाही. सासूबाई तर पहिल्यापासूनच म्हणत होत्या, "अगं रोज उठून केमिकल काय गिळतेस, काहीतरी नैसर्गिक घे." मग राम मारुती रोडच्या आसपासच्या एका वेलनेसवाल्या दुकानात गेले (नाव घेत नाही, उगाच भांडण नको). दुकान मस्त, एसी, लेमनग्रासचा वास, पोरगा इतका गोड बोलणारा की मी साठ कॅप्सूलचे १,८९० रुपये हसत हसत दिले. वर म्हणतो, "मॅडम, दोन आठवडे दोन्ही घ्या, मग गोळी हळूहळू सुटेल." इथेच मला उठून यायला हवं होतं.

डबी सुंदर आहे, काचेची, लाकडी झाकणाची, आता त्यात मोहरी भरलीय. आत काय होतं तर अश्वगंधा, गुग्गुळ, समुद्री शेवाळाची पावडर, सेलेनियम. कशाचं किती ते नाही, सगळ्याचं मिळून एकच वजन. आणि ज्याची मला कमतरता आहे ते हार्मोन यादीत कुठेच नाही! हे मी घेताना वाचलं नाही. साडी घेताना आतलीबाहेरची बाजू उलटून बघणारी मी, पण पोटात घ्यायच्या गोष्टीचं लेबल नाही वाचलं.

आता गंमत ऐका. गोळी बंद केल्यावर पहिले दोन आठवडे मला छान वाटलं, मी तर तिघी मैत्रिणींना दुकानाचा पत्तापण दिला (सॉरी गं). नंतर डॉक्टरांनी सांगितलं की गोळीतलं टी-फोर (म्हणजेच थायरॉक्सिन) रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे बंद केली तरी जुना साठा काही दिवस पुरतो. म्हणजे श्रेय कॅप्सूलला आणि काम करत होती आधीची गोळी. महिन्याभरानंतर मात्र सकाळी चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, मे महिन्यात लोकलमध्ये सगळे घामाघूम आणि मी ओढणी गुंडाळून बसलेली, बद्धकोष्ठता तर विचारूच नका. अडीच महिन्यांनी टीएसएच ३८. कोलेस्टेरॉलपण वर गेलेलं, ते थायरॉईड कमी पडला की चढतंच म्हणे. शिवाय शेवाळातून जास्तीचं आयोडीन गेलं तर हाशिमोटोवाल्यांचं उलट आणखी बिघडू शकतं. अश्वगंधेबद्दल माझं वैर नाही, आजी दुधातून द्यायची, पण ती हार्मोनच्या जागी चालत नाही एवढंच.

डॉक्टर ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "गोळी घेता कशी?" मी म्हटलं, रोज सकाळी न चुकता, चहाबरोबर, आणि लगेच कॅल्शियम आणि लोहाची, म्हणजे सगळं एकदम उरकतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा कळलं की गोळी कधी बिघडलीच नव्हती, माझा चहा मध्ये येत होता. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा ते एक तास चहा-कॉफी-नाश्ता काही नाही, आणि कॅल्शियम-लोह चार तास लांब. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम चालू केलं तेव्हापासूनच माझा टीएसएच चढायला लागला होता, तारखा जुळवून बघितल्या तर अगदी तसंच.

मधल्या काळात न्यू जर्सीहून नणंद आली होती, तिने एक बाटली आणली. "वहिनी, ही खरी नॅचरल, तिकडे खूप जण घेतात." ही मात्र कॅप्सूलसारखी नुसती हवा नाही, हिच्यात खरोखर हार्मोन असतं, डुकराची थायरॉईड ग्रंथी वाळवून केलेली पावडर. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला आणि ती बरी झाली, तिथून ही सगळी परंपरा. पुढे १९१४ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवतापण आलं. माझी रोजची ७५ची साधी गोळी त्याच वंशातली.

मी ती गोळी डॉक्टरांना दाखवली, घेतली नाही. त्यांचं म्हणणं असं की ६० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ३८ मायक्रोग्रॅम टी-फोर आणि ९ मायक्रोग्रॅम टी-थ्री (थायरॉईडचंच दुसरं, जास्त जोरकस हार्मोन), म्हणजे चारास एक, पण माणसाची ग्रंथी टी-थ्री त्यामानाने खूपच कमी सोडते. डुकरासाठी जे नॅचरल ते आपल्यासाठी असेलच असं नाही. टी-थ्री झटकन चढतं, काहींना धडधड होते. साध्या गोळीत फक्त टी-फोर असतं, त्यातलं एक आयोडीन काढून शरीर स्वतःच लागेल तसं टी-थ्री बनवतं. आणि ते टी-फोर रेणू म्हणून आपल्या ग्रंथीतल्यासारखंच असतं, अगदी तेच, कारखान्यात बनलंय एवढाच फरक. हे ऐकून माझ्या डोक्यातलं 'केमिकल' जरा शांत झालं.

पण दुसरी बाजूपण लिहायला हवी. २०१३ मध्ये अमेरिकेत ७० पेशंटवर एक अभ्यास झाला, सगळ्यांना दोन्ही औषधं आळीपाळीने दिली, कुठलं कधी ते न सांगता. ३४ जणांना डुकरावाली आवडली, १३ जणांना साधी, २३ जणांना काही फरक नाही. वजन थोडंसं कमी झालं, बाकी लक्षणांच्या मोजमापात मोठा फरक दिसला नाही. त्यामुळे काही लोक म्हणतात बरं वाटतं तर ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची तिला मान्यता नाही, मी विचारलं त्या ठाण्यातल्या केमिस्टांकडे ती नव्हती, आणि दर वेळी नणंदेच्या बॅगेच्या भरवशावर माझं हृदय चालवायचं नाहीये.

आता साध्या गोळीचा रिव्ह्यू, चार स्टार. दिवसाला दोन-अडीच रुपये, आकडा लेबलवर स्पष्ट, ७५ म्हणजे ७५. एक स्टार कापला कारण हिचे नखरे फार. पावसाळ्यात आमच्या किचनमध्ये मीठसुद्धा पाणी सुटून बसतं, तिथे ही ठेवायची नाही, मूळ बाटलीतच ठेवायची, प्लास्टिकच्या आठवड्याच्या डब्यात काढायची नाही. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारून, नंतर परत तपासणी. एकदा एका केमिस्टने ७५ ऐवजी ८८ हातात दिली होती, "जवळपास तीच आहे ताई" म्हणे. जवळपास काय, वांगी आहेत का? डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघायचा, आधी बघून उपयोग नाही. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये जायच्या दोन दिवस आधी थांबवा, रिपोर्टचे आकडे फसवे येऊ शकतात. आणि कुणी दिवस राहिलेली बाई हे वाचत असेल तर लगेच डॉक्टरांना कळव, त्या काळात डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो.

माझं आता असं आहे, साडेपाचला अलार्म, गोळी, परत आडवी, साडेसहाला चहा. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. दोन महिन्यांनी टीएसएच ३.१ आला, तोच ७५ चा डोस. लोकलमध्ये ओढणी बॅगेत असते.

नणंदेची बाटली देवघराखालच्या खणात आहे, गणपतीला येईल तेव्हा परत देणार. सासूबाई अजून अधूनमधून विचारतात, "ती अमेरिकेची नैसर्गिक गोळी का नाही घेत गं?" चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणाऱ्या बाईला ती कशाची आहे हे मी अजून सांगितलेलं नाही.