शंभर वॉटची सोमाली वाहिनी: मिनियापोलिसची केएएलवाय १०१.७ एफएम

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये लेक स्ट्रीटच्या परिसरात एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर येणारी बहुतेक माणसं सोमाली, आणि आत दिवसभर १०१.७ लावलेलं असतं. सोमाली लोकांनीच चालवलेली अमेरिकेतली पहिली रेडिओ वाहिनी अशी केएएलवायची ओळख आहे. ती २०१५ मध्ये सुरू झाली. मला सोमाली कामापुरतीच येते. अडलं की सोबत काम करणारी सोमाली मुलगी समजावून सांगते.

इथे ऐकायचं ते बोलणं. गावातल्या आणि सोमालियातल्या बातम्या असतात, पण माझं लक्ष असतं आरोग्याच्या चर्चांकडे. त्या ऐकून लोक दुकानात येतात आणि थेट मुद्द्याचं विचारतात: रोजे धरले तर इन्सुलिन कधी घ्यायचं, बीपीची गोळी सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, चालेल का? छापलेली पत्रकं आमच्याकडे गठ्ठ्याने पडून असतात, कारण कित्येक वयस्कर माणसांना ती वाचता येत नाहीत. सोमालीची अधिकृत लिपी ठरली १९७२ मध्ये. पुढे १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, यादवीत माणसं देशोधडीला लागली, कित्येकांची शाळा राहूनच गेली. साठी ओलांडलेल्या बाईच्या हातात पत्रक देऊन आपलं काम झालं असं मानणं मला पटत नाही. तिला आपल्या भाषेत, आपल्यातल्याच कुणाच्या तोंडून ऐकू द्या, मग बघा ती किती नेमके प्रश्न विचारते!

याचं मोल या शहराला २०१७ मध्ये कळलं. गोवराच्या लसीने मुलांना ऑटिझम होतो ही खोटी भीती इथल्या सोमाली घरांत शिरली होती, बाहेरच्यांनी ती मुद्दाम खेळवलीही होती. २००४ मध्ये मिनेसोटातल्या सोमाली मुलांचं लसीकरण ९२ टक्के होतं, २०१४ मध्ये ते ४२ टक्क्यांवर आलं. मग साथ आली. राज्यात ७५ जणांना गोवर झाला, त्यांतली बहुतेक सोमाली मुलं. आरोग्य खात्याला तेव्हा इमाम आणि सोमाली माध्यमं यांच्याच मदतीने घराघरांत पोहोचावं लागलं. अफवा भाषेतूनच पसरते, तिला उत्तरही त्याच भाषेत द्यावं लागतं.

आता रेंजबद्दल. अशा कमी क्षमतेच्या वाहिनीला कायद्याने जास्तीत जास्त १०० वॉट मिळतात, म्हणजे साधारण पाच-साडेपाच किलोमीटर. मोठ्या शहरांत तर आधी अशा वाहिन्यांना जागाच जवळजवळ नव्हती. २०११ च्या जानेवारीत नव्या कायद्यावर सही झाली, २०१३ मध्ये अर्ज मागवले गेले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. परवाना फक्त ना-नफा संस्थेला मिळतो आणि जाहिराती चालत नाहीत. पण सोमाली कुटुंबं आता बर्न्सव्हिल, ईडन प्रेरी, शाकोपी अशा लांबच्या उपनगरांतही राहतात. तिथे मोबाइलवरच ऐकावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते कुणीतरी लावून द्यावं लागतं. ही मर्यादा कायद्याने घातली आहे, वाहिनीला दोष देता येणार नाही. ती वाढवून मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

माझं माहेर माण तालुक्यातलं. म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४, आमच्या घरी लागतं. आपल्याकडेही सामुदायिक रेडिओची ताकद नेहमीच्या परवान्यात साधारण १०० वॉटच. फरक बातम्यांचा. आपल्या सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच पुन्हा लावता येतात. इथे मात्र सोमाली निवेदक आपल्या वस्तीतली बातमी आपल्या भाषेत सांगतो. गावातल्या घडामोडींची बातमी आईला तिच्याच रेडिओवर मिळायला हवी होती, असं ते ऐकताना दर वेळी वाटतं.

गाणी मला थोडी कमी वाटतात, पण ती माझी आवड. मिनियापोलिसमध्ये दवाखान्यात, शाळेत, सरकारी कचेरीत नोकरीला येणाऱ्या मराठी माणसांनी गाडीत ही वाहिनी जरूर लावावी. भाषा आली नाही तरी चालेल, शेजारी बसलेल्या सोमाली सहकाऱ्याला अर्थ विचारा. वाहिनी देणग्यांवर चालते, तेव्हा जमेल तेवढे पैसेही द्या. मी दरवर्षी देते.