सेल्फ लागतो पण गाडी सुरू होत नाही : ११५० रुपयांच्या सेन्सरपायी ४४,७०० रुपये गेले

टोइंगचे दोन वेळचे मिळून ५,५०० रुपये. फ्युएल पंप ११,८००. इंजेक्टर क्लीनिंग आणि प्लग ३,४००. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याचं 'रिपेअर' २४,०००. एकूण ४४,७०० रुपये. यातल्या एकाही कामाची गाडीला गरज नव्हती, आणि सगळ्यात मोठी दोन कामं तर झालीच नाहीत. फक्त पैसे घेतले गेले. हे लिहिताना आजही हात थरथरतात. लाजही वाटते, कारण घरात गाडीतलं कळणारा माणूस म्हणून सगळे माझ्याकडेच बघतात.

पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, मागच्या सीटवर आई. खंबाटकी घाट चढून गेल्यावर गाडीने दम टाकला आणि बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक. राहिलं पेट्रोल, ठिणगी, नाहीतर या दोन्हींना हुकूम देणारी यंत्रणा. एवढं मलाही कळत होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. न बोलावता टोइंगवाला हजर झाला, 'ओळखीचं गॅरेज आहे, रात्रीपर्यंत सोडतो' म्हणाला. या दोघांची साखळी असते हे कोणाला माहीत नाही? पण ऊन कलायला आलेलं, ट्रक अंगावरून चाललेले, आईला साखरेचा त्रास. विम्याच्या रोडसाइड मदतीला फोन लावलाच होता. तिकडची मुलगी लँडमार्क विचारत राहिली आणि रेंज तुटत राहिली. अशा वेळी समोर उभा असलेला माणूसच खरा वाटतो. 'तू गेलासच कसा' असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी आधी म्हाताऱ्या आईला घेऊन त्या कठड्यापाशी उभं राहून दाखवावं.

आता तो क्षण, जो माझ्या डोक्यातून जात नाही. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, पंप गेलाय. पंप मेलाय पूर्ण." आणि हे सांगता सांगता त्याने चावी ऑन केली. मागून आई म्हणाली, "अरे, माझ्या सीटखाली काहीतरी गुणगुणतंय." तोच पंप होता! चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो, त्याचाच तो आवाज. मेलेला पंप आवाज करेल का? मी विचारलंही. त्याने लगेच उत्तर फिरवलं : "आवाज येतोय, पण प्रेशर नाही." तांत्रिकदृष्ट्या असं होऊ शकतं, म्हणूनच मी गप्प बसलो. पण प्रेशर नाही हे त्याला कळलं कशावरून? गेज लावलाच नव्हता. अशा गाड्यांच्या लाइनमध्ये साधारण तीन बारच्या आसपास प्रेशर लागतं आणि ते मोजायला गेज लागतो. पंप बदला म्हणणाऱ्याला आधी गेज लावायला सांगा. नसेल तर गाडी तिथून हलवा.

दुसरी खूण डॅशबोर्डवर होती. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा तसूभरही हलत नव्हता. इंजिन फिरत असताना बऱ्याच गाड्यांत तो थोडा तरी उचलतो. तो शून्यावर झोपून राहिला तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा. इंजिन कुठल्या स्थितीत फिरतंय हे ईसीएमला तोच सांगतो. त्याची खबर आली नाही तर ईसीएम ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. बिघडत चाललेला हा सेन्सर बऱ्याचदा गरम झाला की दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो. माझं नेमकं तेच झालं होतं, घाट चढून इंजिन तापलेलं होतं.

याच गुणामुळे त्या माणसाचं फावलं. रात्रीपर्यंत गाडी त्याच्याकडे थंड झाली, सेल्फ मारताच सुरू झाली. "बघा साहेब, नवा पंप!" मी ११,८०० आणि ३,४०० दिले. जुना पंप मागितला तर म्हणाला, एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत जातो. हे खोटं होतं. बदललेला जुना पार्ट तुमचा आहे, तो हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. बिल? पॅडवरचा कागद, त्यावर ना नंबर ना शिक्का. पैसे भलत्याच नावाच्या क्यूआरवर गेले. मागूनही बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे, हे मला नंतर कळलं.

सातारा ओलांडल्यावर गाडी पुन्हा तशीच बंद. त्याने पंपावर सहा महिन्यांची गॅरंटी दिली होती, म्हणून त्यालाच फोन केला. "दुसऱ्या कोणाचा हात लागला तर गॅरंटी संपली," असं त्याने बजावलं. गाडी उलटी त्याच्या दारात नेली, आणि आता म्हणे ईसीएम उडाला. २४,०००. गाडी पुन्हा थंड झाली आणि पुन्हा सुरू झाली. गॅरंटी देऊन माणसाला आपल्याच खुंटीला बांधून ठेवायचं, हा त्याचा खरा धंदा.

कराडजवळ परत बंद पडली तेव्हा एका ऑटो इलेक्ट्रिशियनने स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सर सर्किट. सेन्सर ११५०, मजुरी ५००. मग त्याने मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ जमलेली, एकाही स्क्रूला पान्याचा ओरखडा नाही. ईसीएमच्या पेटीवरचं कंपनीचं सीलसुद्धा शाबूत. तो म्हणाला, "भाऊ, याला कोणी हातच लावलेला नाही." मी जागच्या जागी बसलो. फोटो काढले, कोड आणि धुळीची नोंद बिलावर लिहून घेतली. तुम्हीही अशी नोंद लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं कुठेच चालत नाही. त्यानंतर गाडी उन्हातान्हात कितीही चालवली तरी बंद पडलेली नाही.

आणि हे फोटो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर काय ऐकायला मिळालं? "पैसे तुम्हीच दिले ना, स्वतःच्या हाताने? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद आहे." न केलेल्या कामाचे पैसे केलं म्हणून घेतले, ही फसवणूक नाही तर काय? पूर्वीचं ४२० म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मी कलम सांगितल्यावर साहेबांना रागच आला. पुण्यातल्या ठाण्यात गेलो तर "घटना तिकडची, तिकडे जा." दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरची असली तरी घ्यावी, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलं आहे. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. मी तसं म्हणालो, तर "अर्ज ठेवून जा" एवढंच. त्या अर्जाची पोच घेण्यासाठीही भांडावं लागलं. विमा कंपनी म्हणते, बाहेरच्या टोइंगचे पैसे मिळत नाहीत. त्यांचीच गाडी आली नाही हे कोणी ऐकून घेत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची कस्टमर केअर म्हणते, अधिकृत वर्कशॉप नव्हतं, आमचा संबंध नाही. चोराचा पत्ता आहे, क्यूआरवरचं नाव आहे, पुरावा आहे, आणि प्रत्येक जण मलाच विचारतो की तुम्ही तिथे गेलातच का!

गाडी फिरतेय पण पेटत नाही, तर आधी डॅशवरचा चावी किंवा कुलुपाचा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावा, इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखली नाही तर इंजिन पेटू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा, असू शकतो. पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच) तपासा. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, सुरू झाली तर तसं पुढच्या मेकॅनिकला स्पष्ट सांगा. कोड वाचल्याशिवाय ईसीएमला हात लावू देऊ नका.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार टाकतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. खंबाटकी ते सातारा या पट्ट्यात कोणाला असाच 'मेलेला' पंप विकला गेला असेल तर तो कागद आणि पेमेंटची नोंद फेकू नका, मला कळवा. एकट्या माणसाच्या अर्जाला पोलीस दिवाणी वाद म्हणतात, म्हणून तशी चार बिलं एकत्र समोर ठेवायची आहेत.