दाराची कडी: पितळेची की स्टीलची?

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचं सागवानी दार पावसाळ्यात फुगतं. मग कडी कोयंड्यात बसत नाही, आपण ती ठोकून बसवतो, आणि चार पावसाळ्यांत कडी वाकडी, स्क्रू ढिले. यंदा बदलायचंच ठरवून कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीचा बाजार गाठला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यामुळं गंजत नाही. काळवंडतं, हिरवट होतं, पण चिंच-मिठानं घासलं की पुन्हा लखलखतं. घासणार कोण, हा भांडणाचा विषय. घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड, वरून नुसता मुलामा. स्क्रूही पितळेचेच घ्या. आमच्या जुन्या कडीचे लोखंडी होते, काढताना दोन स्क्रूंची डोकी तुटली आणि दांडे दारातच राहिले.

स्टील स्वस्त पडतं, फडकं मारलं की झालं. पण ३०४ नंबरचंच मागा. २०२ मध्ये निकेल कमी, झड लागणाऱ्या दारावर त्याला तांबूस डाग पडतात. इथं चुंबकाची युक्ती चालत नाही, कारण तो सहसा दोन्हींना चिकटत नाही. दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

मी दर्शनी दाराला पितळ लावलं, न्हाणीला आणि परसदाराला स्टील. जुनी भोकं सैल झालीच होती. सुताराने त्यांत फेव्हिकॉल लावून आगकाड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी स्क्रू पिळले. कोयंडा मात्र दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली घेतला, फुगलेल्या दारासाठी.