घरघंटी की गिरणी: आधी घरातले पिठाचे डबे मोजा

दिवाळीच्या आधी भाजणीच्या दळणासाठी गिरणीत रांगा लागल्या की पुण्यातल्या बऱ्याच घरांत घरघंटीचा विषय निघतो. किंमत ऐकली की तो पुढच्या दिवाळीवर जातो. १ अश्वशक्तीची साधी स्टीलची घरघंटी साधारण १५ ते २५ हजारांत मिळते, दगडाची त्याहून महाग पडते. एवढा पैसा दळणावर घालावा का, हे ठरवताना माझे मत आधीच सांगते. पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. फक्त पोळ्यांचे गहू दळायचे असतील तरी घेऊ नका, कारण कोपऱ्यावरची गिरणी ते काम जास्त चांगले करते. पण फडताळात पिठांचे सहा-सात डबे असतील आणि त्यातले बरेचसे किलोभराचे असतील, तर मात्र ही वस्तू जरूर घ्यावी.

पैशाचा हिशेब

चार माणसांच्या घरात महिन्याला १५ किलो गहू आणि ज्वारी, बाजरी, तांदूळ मिळून ५ किलो दळण धरू. गिरणीचे दर पेठेत वेगळे, वाकड-बाणेरला वेगळे. किलोला ८ रुपये धरले तर महिन्याचे १६० रुपये होतात.

आता घरघंटी. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर प्रत्यक्षात वीज त्याहून जास्त घेते, साधारण १ किलोवॅटच्या आसपास. तासाला सात-आठ किलो गहू दळले जातात असे धरले तर २० किलोला पावणेतीन तास लागतील आणि तीन युनिटच्या आत वीज जळेल. युनिटला १२ रुपये पडले तरी खर्च ३५ रुपयांच्या घरात. म्हणजे महिन्याला सव्वाशे रुपये वाचले, वर्षाला दीड हजार. १८ हजारांचे यंत्र असेल तर पैसे फिटायला बारा वर्षे जातील, आणि त्यात जाळ्या बदलणे, दुरुस्ती हे धरलेलेच नाही. दुकानदार बचतीचे गणित मांडू लागला तर हे आकडे तुमच्या घरच्या दळणावर लावून बघा.

वेळेचे म्हणाल तर दोन्हीकडे सारखेच जमते. घरी पाच किलो दळायला पाऊण तास लागतो, पण त्या वेळात समोर उभे राहावे लागत नाही. गिरणीत डबा ठेवून संध्याकाळी आणता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी आता गिरणीवालेच दळण घरून नेतात आणि आणून देतात.

पोळीच्या पिठात गिरणी सरस

फरक दळण्याच्या पद्धतीत आहे. गिरणीत दोन दगडांच्या मध्ये दाणा चिरडला आणि घासला जातो. त्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातल्या स्टार्चचे काही कण फुटतात, आणि फुटलेले कण पाणी जास्त धरतात. म्हणून चांगल्या गिरणीच्या पिठाची कणीक पाणी भरपूर पिते आणि पोळी दुपारच्या डब्यातही मऊ राहते.

स्टीलच्या घरघंटीत दगड नसतो. वेगाने फिरणारी पाती दाण्यावर आपटतात, दाणा फुटत जातो, आणि जाळीच्या भोकातून जाण्याइतका बारीक झाला की खाली पडतो. पीठ किती बारीक येणार हे त्या जाळीवर ठरते. असे पीठ हाताला किंचित रवाळ लागते. पोळ्या होतात, चांगल्या होतात, पण सवय करावी लागते: सगळ्यात बारीक जाळी लावायची, पाणी थोडे जास्त घालायचे आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवायची. घरात पोळीबद्दल काटेकोर माणसे असतील तर हा फरक पहिल्याच दिवशी ताटात कळतो.

गिरणीची गुणवत्ताही सगळीकडे सारखी नसते, हे खरे. दगडाला वेळेवर टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून घेणारा गिरणीवाला असेल तर पीठ एकसारखे येते. गुळगुळीत झालेल्या दगडांवर धान्य नुसते घासले जाते आणि पीठ हाताला चटका बसेल इतके गरम होऊन पडते. तुमच्या जवळची गिरणी अशी असेल तर आधी दुसरी गिरणी शोधा. १८ हजार वाचतील.

किलो-दोन किलोच्या दळणात घरघंटी सरस

मराठी स्वयंपाकघरात गव्हाशिवाय काय काय दळले जाते ते आठवा. थालीपिठाची भाजणी जाडसर हवी, चकलीची बारीक हवी. मेतकूट असते. उकडीच्या मोदकाची पिठी असते, आंबेमोहोर धुऊन सावलीत वाळवलेली. उपवासाची भाजणी असते, लाडवांसाठी चणाडाळीचे रवाळ पीठ असते, घरात लहान मूल असेल तर मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे अर्धा किलो पीठ असते. यातली बहुतेक दळणे एक-दोन किलोची असतात, आणि गिरणीची अडचण इथेच सुरू होते.

गिरणीच्या मोठ्या यंत्रात आधीच्या दळणाचे पीठ राहते आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरते. म्हणून तर "तांदळावर तांदूळच दळा हं" असे बजावावे लागते. दहा किलो गव्हात मूठभर ज्वारी आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. किलोभर पिठीत गव्हाचे पीठ आले की उकडीचा पांढरेपणा जातो. उपवासाचा राजगिरा आणि वरई गव्हावर दळली तर ती उपवासाला चालतच नाही. बरेच गिरणीवाले ठरावीक वारी किंवा ठरावीक वेळी तांदूळ नाहीतर भाजणी घेतात, ते यामुळेच. नोकरी करणाऱ्या बाईला ती वेळ साधेलच असे नाही.

ताजेपणाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि तो बाजरीच्या बाबतीत सर्वांत ठळक आहे. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के असतो, गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाणा अखंड असेपर्यंत काही बिघडत नाही. दळला की त्यातली विकरे (एन्झाइम) त्या तेलावर काम सुरू करतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते. संक्रांतीच्या दिवसांत पाच किलो बाजरी एकदम दळून आणली तर शेवटच्या भाकऱ्या कुणी आवडीने खात नाही. ज्वारीचे पीठ इतक्या लवकर कडू होत नाही, पण जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. मालदांडीसारखी उत्तम ज्वारी आणायची आणि पीठ महिनाभर डब्यात ठेवायचे, यात त्या ज्वारीचे चीज होत नाही. घरघंटी असेल तर आठवड्याला किलोभर दळता येते. गिरणीत दर आठवड्याला किलोभर बाजरी घेऊन जाणे कुणाला जमत नाही, आणि गिरणीवाल्यालाही ते नको असते.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून पुण्याच्या दुकानांत नाचणी, राळे, वरई, कोदो ही धान्ये सहज दिसतात. खपली गव्हाची मागणीही वाढली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तर खपलीचे सुधारित वाणच तयार केले आहे. महाग खपली इतरांच्या गव्हावर दळून आणायची कुणाची इच्छा नसते, ते रास्तच आहे.

एका बाबतीत तर मी किमतीचा विचारही करणार नाही. घरात कुणाला सीलिॲक आजार असेल, म्हणजे गव्हातले ग्लूटेन अजिबात चालत नसेल, तर गिरणीत दळलेली ज्वारी सुरक्षित नाही. गव्हाचा अगदी थोडा अंशही त्या माणसाच्या आतड्याला इजा करतो. अशा घरी नवी घरघंटी घ्यावी, जुनी नाही, आणि तिच्यात गहू एकदाही घालू नये. घरातल्या बाकीच्यांचे गहू बाहेर दळावेत आणि ज्वारी-तांदूळ निवडताना त्यात गव्हाचा दाणा राहिलेला नाही ना, हे बघावे.

स्टील की दगड

घरगुती दगडी चक्कीचे पीठ गिरणीच्या पिठाच्या जास्त जवळ जाते, पोळीही तशीच होते. पण ती जड असते, महाग असते, दगडांमधले अंतर जुळवायला हात बसावा लागतो आणि दगड झिजले की माणूस बोलवावा लागतो. एका धान्यावरून दुसऱ्यावर जाताना दगडांच्या खाचांमधले पीठ सहज निघत नाही. जे घर गव्हासाठी गिरणीत जाणारच नाही असे ठरवून बसले आहे, त्याने दगडी बघावी. बाकीच्यांना स्टीलची पुरते: दार उघडायचे, ब्रशने झाडायचे, जाळी बदलायची, की पिठीनंतर भाजणी घालता येते.

दोन्हींना काय चालत नाही तेही आधीच कळलेले बरे. ओलसर धान्य नको. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे नको, त्यांचे तेल सुटून जाळी बुजते. त्यामुळे गोडा मसाला घरघंटीवर होईल या आशेवर राहू नका, तो मिक्सरवर किंवा कांडपातच करावा लागेल. धान्य खडे काढून, निवडूनच घालावे लागते. एखादा खिळा गेला तर जाळी फाटते. पावसाळ्यात धान्य दमट असते, तेव्हा ते आधी कडक उन्हात किंवा कढईत कोरडे करून, पूर्ण गार झाल्यावर दळावे. भाजणीही गार झाल्याशिवाय घालू नये.

फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठे

बऱ्याच जणांचा निर्णय इथे अडतो. यंत्र लहान कपाटाएवढे, वजन चाळीस किलोच्या आसपास. चाके असतात, पण दळणापुरते बाहेर काढून परत सरकवण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही, त्यामुळे कायमची जागा हवी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, आणि तिथे आधीच वॉशिंग मशीन असते. पाऊस आत येत असेल तर तिथे ठेवू नका. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग लागतो, तो नसेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च धरा.

आवाज मोठा असतो. मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, ही पाऊण तास चालते. जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर थरथर जाणवते, म्हणून खाली जाड रबर घालावे आणि दुपारी दळू नये. यंत्र बंद पेटीत दळत असले तरी पिठाची धूळ थोडी उडतेच. घरात दम्याचा त्रास असलेले कुणी असेल तर हे नीट विचारात घ्या, पिठाच्या धुळीने दमा वाढतो. शिवाय दळण झाल्यावर आत राहिलेले पीठ झाडावे लागते, नाहीतर आठ-पंधरा दिवसांत त्यात किडे दिसू लागतात. या दहा मिनिटांच्या झाडझुडीचा कंटाळा असेल तर गिरणीच बरी.

तयार पिठाच्या पिशवीबद्दल थोडक्यात सांगते. एकट्या-दुकट्या माणसाला, भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलामुलींना ती सोयीची आहे. दळल्याची तारीख बघून लहान पिशवी घ्यावी. बाजरीचे पीठ मात्र पिशवीतले घेऊ नये.

मग कुणी काय करावे

दोघांचे घर, रोज पोळी, महिन्यातून दोनदा भाकरी: गिरणी. दोन पिढ्यांचे घर, रोज भाकरी, वर्षभर भाजणी, श्रावण-भाद्रपदात उपवास आणि मोदक: घरघंटी, स्टीलची. घरगुती पिठांचा किंवा फराळाचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांनी मात्र १ अश्वशक्तीच्या यंत्रावर विसंबू नये. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन ते सलग आठ तास चालवले तर मोटर तापते, त्यांनी व्यावसायिक यंत्राचीच चौकशी करावी.

घरघंटी घेतली म्हणून गिरणी सोडायला हवी असेही नाही. मला सर्वांत पटलेली व्यवस्था दोन्हींची आहे: महिन्याचे गहू गिरणीत, बाकी सगळे घरी. घरघंटी मग महिन्याला सहा-सात किलोच दळते, जास्त टिकते आणि पोळीबद्दल कुणाची तक्रार राहत नाही. दुकानदाराला हे सांगितले तर तो म्हणेल एवढ्याशासाठी कशाला घेता. एवढ्याशासाठीच घ्यायची असते.

घ्यायला जाताना दोन किलो धान्य बरोबर न्या, एक किलो ज्वारी आणि एक किलो तांदूळ, आणि समोर दळून मागा. ज्वारी आधी दळू द्या, मग तांदूळ, म्हणजे साफ करायला किती वेळ लागतो आणि तांदळात ज्वारी किती उतरते ते दिसेल. मोटरचे वाइंडिंग तांब्याचे आहे का ते विचारा, वेगळी जाळी केवढ्याला आणि कुठे मिळते ते विचारा, आणि पुण्यात दुरुस्तीला माणूस घरी येतो की यंत्र दुकानात आणावे लागते ते बिलावर लिहून घ्या. चाळीस किलोचे यंत्र तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची वेळ आली तर गॅरंटीचा फारसा उपयोग होत नाही. पीठ घरी आणून त्याच संध्याकाळी भाकरी करून बघा, पैसे दुसऱ्या दिवशी द्या.