फळांचा गार चहा: गरम पाण्यात काढून की भिजवून?

होळी उलटली की आमच्या घरी मोसंबीची गोणी येते. मावशीची जालना जिल्ह्यात अंबडकडे बाग आहे, पावसाळ्याच्या तोंडाला फुलणाऱ्या मृग बहाराची फळं त्याच सुमारास उतरतात. नुसता रस तरी किती प्यायचा, म्हणून पाच उन्हाळ्यांपूर्वी आइस टीकडे वळलो. तयार पुडी आणायची नाही, फळ खरं पाहिजे, एवढंच ठरलं होतं. पहिले तीन उन्हाळे कडक चहा गरम पाण्यात काढून बर्फावर ओतायचो. गेले दोन उन्हाळे पत्ती रात्रभर गार पाण्यात भिजत घालतो. यंदा घरी करून बघायचं म्हणणाऱ्यांसाठी दोन्हींचा अनुभव मांडतोय. पिण्यासारखा चहा दोन्हीकडे होतो, हे आधीच मान्य करतो.

गरम पद्धतीची मोठी सोय म्हणजे वेळ. भर दुपारी कोणी दारात उभं राहिलं तरी वीस मिनिटांत हातात पेला देता येतो. साखर गरम चहातच विरघळते, आलं-पुदिना त्याच वाफेत उतरतो, आणि रोजच्या डब्यातली दाणेदार सीटीसी पत्ती चालते. चवही भरभक्कम येते, चहा प्यायल्यासारखं वाटतं. फक्त दुधाच्या चहासारखा खळखळ उकळायचा नाही. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, पत्ती टाकून झाकण, चार मिनिटांनी लगेच गाळायचा. अर्धा लिटर पाण्याला पाच-सहा चमचे पत्ती घ्यावी लागते, कारण उरलेलं अर्धं पाणी बर्फातून येणार असतं.

त्या बर्फाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. चहा जारच्या पाण्यात करायचा आणि बर्फाचा ट्रे बोअरच्या पाण्याने भरायचा, असं मीही वर्षभर केलं. बर्फ वितळला की त्याचं मचूळपण पेल्यात येतं. गरम पद्धतीत अर्धा पेला बर्फच असतो, म्हणून ट्रेसुद्धा चांगल्या पाण्याने भरा.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, मावशी सकाळच्या एसटीने येणार होती. तिच्याच बागेच्या मोसंबीचा चहा तिला द्यायचा म्हणून मी आदल्या रात्री दोन लिटर करून ठेवला. चहा गाळला तेव्हा तांबूस आणि आरपार दिसत होता. त्यातच मोसंबीचा रस घातला, काचेचा जग फ्रीजमध्ये ठेवला आणि समाधानाने झोपलो. सकाळी जग बाहेर काढला तर आतला रंग पहिल्या पावसातल्या ओढ्याच्या पाण्यासारखा. ढवळला, तरी तसाच. दुसरं काही करायला वेळ नव्हता म्हणून पेला भरून दिला. मावशीने तो खिडकीच्या उजेडात धरला, हळूच विचारलं, "गाळायचा राहिला का रे?" मग एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "कडू लागू राहिला बाळा. मोसंबीचा रस काढला की पिऊन टाकावा, ठेवू नये." उन्हातून आलेली ती म्हातारी बाई शेवटी माठातलं पाणी प्यायली. ते मला फार लागलं.

तिने दोन दोष बरोबर पकडले होते आणि दोघांची कारणं वेगळी. कडवटपणा मोसंबीचा. ताजा रस गोड लागतो, पण फळ पिळलं की त्यातल्या एका बेचव द्रव्याचं आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन कडू असतं. बिया, पांढरा पापुद्रा रसात गेला की ते आणखी वाढतं, रस गरम झाला की आणखी लवकर होतं. यावर उपाय सोपा आहे: रस आयत्या वेळी पेल्यातच पिळायचा. हा नियम दोन्ही पद्धतींना सारखाच, त्यामुळे हा दोष मी गरम चहाच्या नावावर टाकत नाही.

गढूळपणा मात्र गरम चहाचाच. उकळत्या पाण्यात पत्तीतलं कॅफिन आणि रंग-तुरटपणा देणारी द्रव्यं भरपूर उतरतात. गरम असेपर्यंत ती विरघळलेली राहतात. चहा गार झाला की एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगायला लागतात. चहाच्या धंद्यातले लोक याला टी क्रीम म्हणतात. चहा जितका कडक, तितका हा प्रकार जास्त, आणि आइस टीसाठी तर आपण मुद्दाम कडकच काढतो. त्यात आपल्या मराठवाड्याकडचं पाणी जड. काळ्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. असं पाणी चहाला आणखी गढूळ करतं, वर तवंगही आणतं.

तब्येतीला त्याने काही होत नाही. गढूळ झालेल्या चहात थोडं उकळतं पाणी घातलं तर तो पुन्हा निवळतोसुद्धा, पण मग गार चहा कुठे राहिला? मी बाकीचेही उपाय केले. जारचं पाणी वापरलं, फरक पडला, दोष पूर्ण गेला नाही. चहा आधी ओट्यावर निवू दिला आणि मगच फ्रीजमध्ये ठेवला, तेव्हा बराच बरा राहिला. पत्ती कमी केली तर निवळ राहिला, पण बर्फ पडल्यावर नुसतं रंगीत पाणी लागायला लागलं. चिमूटभर खायचा सोडा घातल्यावर रंग काळपट झाला आणि जिभेला काहीतरी बुळबुळीत जाणवलं. माझ्या हाताचा दोष असेल, कोणाला याहून चांगला जमतही असेल. पण पाहुण्यासमोर जग ठेवताना दरवेळी मनात धाकधूक, ही गोष्ट मला नको झाली.

म्हणून चौथ्या उन्हाळ्यात भिजवायला लागलो. एक लिटर गाळलेलं किंवा उकळून गार केलेलं पाणी, त्यात आठ-दहा ग्रॅम पानाचा चहा, झाकण लावून थेट फ्रीजमध्ये. रात्री दहाला ठेवला की सकाळी सहाला गाळायचा. गार पाण्यात कॅफिन आणि तुरटपणा दोन्ही कमी उतरतात, त्यामुळे गढूळ व्हायला कारणच उरत नाही. पहिल्या दिवशी मी तो जग त्याच खिडकीत धरला होता. पलीकडचा गज स्पष्ट दिसत होता. आणि चव? तुरटपणा कमी म्हणून मोसंबीची जात ओळखू येते. मोसंबी मुळात सौम्य फळ, लिंबासारखी चहाशी भांडत नाही. कडक चहात ती बुडून जायची, यात वर येते. साखरही माझ्या अंदाजाने निम्मीच लागते.

याच्या अडचणीही खऱ्या आहेत. पहिली म्हणजे रात्री आठवण राहायला हवी. दुसरी पत्तीची. सीटीसी म्हणजे चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे, उकळत्या पाण्यात झटकन रंग देण्यासाठी बनवलेले. ती भिजवली तर रंग चार तासांतच येतो, पण भुकटी गाळणीतून उतरून तळाला बसते. पातळ सुती कापडातून दोनदा गाळावं लागतं आणि रात्रभर ठेवली तर घशाला ओढ लागते. पानाचा चहा घ्या, त्यातही निलगिरीचा. तो बर्फावर निवळ राहतो हे चहावाल्यांच्यात मान्य आहे, मलाही तसंच दिसलं. आमच्या किराणा दुकानात तो मिळत नाही, मागवून घ्यावा लागतो, आणि सीटीसीपेक्षा महाग पडतो. तिसरी अडचण, साखर गार पाण्यात लवकर विरघळत नाही. मी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन एक उकळी काढतो, त्यातच आल्याचे काप टाकतो. हा पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो आणि ज्याला जितकं गोड हवं तितकं तो घालून घेतो. घरात एक जण मधुमेही असेल तर ही अडचण राहत नाही, सोयच होते.

चौथी अडचण आपल्या भागाची, लाइटची. रात्री चार-पाच तास लाइट जाणार असेल तर पत्ती भिजत घालू नका. फ्रीज कोमट झाला की भिजलेली पत्ती घेऊन पाणी तसंच पडून राहतं, ते धोक्याचं. खेडेगावात लाइटचा भरवसा नसेल तर गरम पद्धतच धरा, हे मी मनापासून सांगतो. तिथे माझी आवड लादणार नाही.

याच कारणाने गच्चीवर उन्हात चहा भिजवायच्या नादी लागू नका. मे महिन्यात परभणी-जालन्याचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, बरणी ठेवली की दोन तासांत छान रंग येतो, मोह होतो. पण उन्हात पाणी जंतू मरतील एवढं तापत नाही, वाढतील एवढंच तापतं. मी दोनदा केलं. दुसऱ्यांदा संध्याकाळी चहाला तार सुटल्यासारखा चिकटपणा आला, आख्खी बरणी मोरीत ओतली.

फळांचं म्हणाल तर सगळी फळं भिजवलेल्या चहाचीच आहेत असं नाही. केसर आंब्याला मी आजही गरम चहा करतो. आंब्याचा गर घातला की पेला तसाही आरपार राहत नाही, गढूळपणाचा प्रश्नच मिटतो, आणि त्या दाट गोडीला कडक चहाचा तुरटपणा लागतोच. मराठवाड्याच्या केसरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जालन्याच्या मोसंबीलाही त्याच वर्षी. घरातली दोन्ही फळं मानाची, पण एकाला एक पद्धत मानवते, दुसऱ्याला दुसरी. डाळिंब भिजवलेल्या चहात सुंदर दिसतं, दाणे मात्र मिक्सरला लावू नका, बी फुटून कडवट होतं. कापडात घालून हाताने पिळा. टरबुजाचा रस दोन्हींत चालतो, पण तासाभरात संपवायचा. लिंबू किंवा चिंचेचं पाणी घातलं की चहाचा रंग एकदम फिका पडतो, ते आंबटामुळे होतं, चहा पातळ झाला असं समजून पत्ती वाढवू नका.

घरात माणसं जास्त, पाहुणे न सांगता येणारे, फळ आंब्यासारखं दाट, तर गरम पाण्यात करा आणि केला की लगेच संपवा, उरलेला फ्रीजमध्ये ठेवूच नका. मोसंबी, डाळिंब, टरबूज अशी नाजूक फळं असतील आणि लाइटची बरी सोय असेल, तर एकदा तरी रात्री भिजवून बघा. भिजवलेला चहा पत्ती गाळून दोन दिवस ठेवायला माझी हरकत नसते. तिसऱ्या दिवशी मी पीत नाही, कोणाला देतही नाही.

पेला भरताना माझा क्रम असा: तळाला आल्याचा पाक, त्यावर मोसंबीचा ताजा रस अर्धी वाटी, चिमूटभर काळं मीठ, चार-पाच बर्फाचे खडे, मग वरून चहा. मोसंबी आडवी कापून हातानेच पिळतो, मशीनने नाही, म्हणजे साल दाबली जात नाही. गेल्या मे महिन्यात मावशी आली तेव्हा रस तिनेच पिळला. दुसरा पेला मागितला आणि गावाकडे न्यायला म्हणून निलगिरीची अर्धी पुडी पिशवीत घालून घेतली.