फीनिक्समधील घराच्या ॲटिकचे इन्सुलेशन: एका सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्सलगतच्या चँडलर शहरातील आमच्या घराच्या ॲटिकचे, म्हणजे सीलिंग आणि छप्पर यांमधल्या पोकळीचे, इन्सुलेशन २०२५ च्या मार्चअखेर एका स्थानिक कंपनीकडून नव्याने करून घेतले, आणि त्यावरून एक पूर्ण उन्हाळा गेल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. काम एकंदरीत चांगले झाले. मात्र ज्यासाठी ग्राहक पैसे मोजतो, ते यंत्राने इन्सुलेशनचा भुगा पसरवण्याचे काम या सगळ्यातले सर्वांत सोपे काम आहे, आणि कंपनीची खरी पारख त्याआधी तिची माणसे ॲटिकमध्ये काय करतात यावरून होते, असे माझे मत झाले आहे.

घर १९९० च्या दशकातले, एकमजली, काँक्रीटच्या कौलांचे आणि साधारण १,८०० चौरस फुटांचे आहे. सीलिंगवर मूळ बांधकामाच्या वेळी अंथरलेल्या काचतंतूंच्या गाद्या होत्या, ज्या इतक्या वर्षांत दबून, सरकून आणि वाळवंटी धुळीने माखून निम्म्या कामाच्या उरल्या होत्या. २०२३ मध्ये फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले, आणि २०२४ मध्ये सलग ११३ दिवस कमाल तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या खाली आले नाही. अशा दुपारी कौलांखालच्या बंदिस्त पोकळीतली हवा १४० ते १५० अंशांपर्यंत, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर तापते. इथल्या घरबांधणीची तऱ्हा अशी की एसीची थंड हवा वाहून नेणारे डक्टही याच भट्टीतून फिरवलेले असतात, त्यामुळे घरातली सर्वांत थंड वस्तू घरातल्या सर्वांत उष्ण जागी ठेवलेली असते.

कोटेशनसाठी बोलावलेल्या तीनपैकी दोन कंपन्यांच्या प्रतिनिधींनी ॲटिकमध्ये डोके घालून एक फोटो काढला, पट्टीने जाडी मोजली आणि टॅबलेटवर आकडा दाखवला. त्यांतील एकाने आर-६० चा (उष्णता रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, म्हणजे आर-व्हॅल्यू, ६०) आग्रह धरला, तर दुसऱ्याने सौर ऊर्जेवर चालणारा पंखा आणि इन्सुलेशनच्या वर अंथरायची चकाकती फॉइल गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. आम्ही निवडलेल्या कंपनीचा तंत्रज्ञ मात्र मुख्य दारात ब्लोअर डोअरचा पंखा बसवून घर किती गळते हे मोजूनच पुढे गेला, आणि डक्टची गळती त्याने वेगळी मोजली. थंड केलेल्या हवेतला पाचवा हिस्सा खोल्यांपर्यंत न पोहोचता ॲटिकमध्येच सांडत होता. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या माहितीनुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा वाया जाते, तेव्हा आमचे घर यात काही जगावेगळे नव्हते.

आर-व्हॅल्यू हे उष्णतेला होणाऱ्या विरोधाचे माप आहे आणि त्याचा हिशेब सरळ आहे: आकडा दुप्पट झाला की आरपार जाणारी उष्णता निम्मी होते. ॲटिक १४० अंशांवर आणि खोली ७८ अंशांवर धरली, तर १,८०० चौरस फुटांच्या सीलिंगमधून आर-१३ असताना दर तासाला सुमारे ८,६०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता खाली उतरते, म्हणजे एसीचा पाऊण टनाला थोडा कमी भार केवळ छतापायी पडतो. आर-४९ ला हाच आकडा २,३०० च्या आसपास येतो. तिथून आर-६० वर गेल्याने जेमतेम ४०० बीटीयू आणखी वाचतात. दक्षिण ॲरिझोनाच्या उष्ण पट्ट्यात इन्सुलेशन नसलेल्या ॲटिकसाठी एनर्जी स्टारची शिफारस आर-४९ चीच आहे, त्यामुळे आर-६० चा आग्रह ग्राहकाच्या नव्हे, विक्रेत्याच्या हिताचा वाटला. उलट चार टनांच्या एसीची दहा टक्के थंड हवा ॲटिकमध्ये सांडली, तर तेवढ्यानेच जवळजवळ ४,८०० बीटीयू वाया जातात. शिवाय बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला दारे-खिडक्यांच्या फटींतून तापलेली, धूळभरली हवा आत येते ती वेगळीच. डक्ट दुरुस्त न करता त्यांवर भुगा पसरणे म्हणजे भोके झाकून ठेवणे होय, आणि एकदा सव्वा फूट भुग्याखाली गेलेले डक्ट पुन्हा कोणी उकरत नाही.

या कंपनीने पहिला दिवस पूर्णपणे याच कामाला दिला. पहाटे उजाडताच आलेल्या कामगारांनी जुन्या गाद्या मोठ्या पिशव्यांत भरून खाली उतरवल्या. ॲटिकची तळजमीन उघडी झाल्यावर विजेच्या तारा, पाण्याचे पाइप आणि न्हाणीघराचा पंखा जिथून वर येतात त्या प्रत्येक भोकात फोम भरला. सीलिंगमध्ये बसवलेल्या जुन्या दिव्यांचा प्रकार तपासून, ज्या दिव्यांना इन्सुलेशनचा स्पर्श चालत नाही त्यांवर आगरोधक डबे घातले. डक्टच्या सांध्यांवर ब्रशने मॅस्टिकचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाचा, जाड राखाडी थर दिला. डक्ट टेप या नावाने विकली जाणारी कापडी पट्टी याच कामासाठी सर्वांत निरुपयोगी आहे, हे लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांनी १९९८ मध्येच दाखवले होते. आमच्याही ॲटिकमध्ये तिचे वाळून सुटलेले तुकडे सांध्यांना लोंबत होते. वळचणीच्या बाजूने हवा आत येण्याच्या वाटा भुग्याने बुजू नयेत म्हणून दोन वाशांच्या मधोमध पुठ्ठ्याची पन्हळी लावली. दिवसाच्या अखेरीस चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा डक्टची गळती एकतृतीयांशावर आली होती, आणि तो आकडा मी न मागता अहवालात लिहून दिला गेला.

दुसऱ्या दिवशी दारात उभ्या केलेल्या ट्रकमधून नळीने सेल्युलोज भरले. हा जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा असतो आणि आग व किडे यांपासून संरक्षणासाठी त्याला बोरेट चोळलेले असते. सुट्या काचतंतूंपेक्षा इंचामागे तो अधिक विरोध करतो, पण त्याची धूळ फार, आणि कालांतराने तो काहीसा खाली बसतो. म्हणून त्याच्या पिशवीवर भरतानाची जाडी आणि बसल्यानंतरची जाडी असे दोन आकडे छापलेले असतात. त्याच तक्त्यात अमुक आर-व्हॅल्यूसाठी हजार चौरस फुटांना किमान किती पिशव्या लागतात हेही दिलेले असते, आणि ग्राहकाने पाहायचे ते नेमके हेच. जाडी दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या वाशांना ठोकलेल्या असतात, परंतु नळीत हवा जास्त सोडून माल फुलवला की कमी पिशव्यांतही पट्टीवरचा आकडा गाठता येतो, विशेषतः काचतंतूंच्या बाबतीत. फोरमनने रिकाम्या पिशव्या गॅरेजच्या भिंतीशी दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी रचून ठेवल्या होत्या आणि तक्त्याशी ताळा करून मगच सहीसाठी कागद पुढे केला. इतका चोख हिशेब मी इथल्या दुसऱ्या कोणत्याही कंत्राटदाराकडे पाहिलेला नाही.

पंखा आणि फॉइल या दोन्ही गोष्टी आम्ही घेतल्या नाहीत. ॲटिकमधून हवा खेचणारा पंखा वळचणीतून पुरेशी हवा न मिळाल्यास ती सीलिंगच्या फटींतून, म्हणजे आपण पैसे देऊन थंड केलेल्या खोल्यांतून ओढतो. फॉइलचे तंत्र खोटे नाही. वाशांच्या खालच्या अंगाला, हवेची पोकळी राखून लावल्यास ती कौलांकडून येणारा उष्णतेचा मारा बऱ्यापैकी परतवते. पण इन्सुलेशनवर आडवी अंथरलेली फॉइल हबूबच्या, म्हणजे पावसाळी वादळांपूर्वी उठणाऱ्या धुळीच्या भिंतीच्या प्रदेशात किती काळ चकाकती राहणार, याचे उत्तर त्या विक्रेत्याकडे नव्हते.

उणिवाही होत्या. ॲटिकमध्ये चढण्याचे सहा चौरस फुटांचे झाकण कंपनीने तसेच उघडे ठेवले. साधा जिप्समचा फळा, वर काहीही नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी इन्फ्रारेड तापमापकाने पाहिले, तर आजूबाजूचे सीलिंग ७९ अंशांवर आणि झाकण शंभराच्या घरात होते. एकूण क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागातून अख्ख्या सीलिंगच्या उष्णतेतला सात टक्क्यांच्या आसपास वाटा खाली येत होता, आणि हे काम मूळ दरात धरलेले असताना त्यासाठी कंपनीला तीनदा फोन करावा लागला. शेवटी त्यांनी जाड फोमचे टोपण आणि कडेने रबराची पट्टी बसवली. पश्चिमेकडच्या वळचणीत, जिथे छप्पर अगदी खाली उतरते, तिथे थर पातळ राहिला आहे. तिथे नळी पोहोचत नाही, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे, पण कोटेशन देताना सांगायला हवे होते. घरात धूळ उडणार नाही हे आश्वासनही पुरते पाळले गेले नाही, आणि देव्हाऱ्यावर राखाडी भुग्याचा थर बसला.

परिणाम सर्वांत ठळक दिसला तो संध्याकाळच्या चार ते सात या वेळात. एपीएस या वीज कंपनीच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांमध्ये कामाच्या दिवशी हेच तीन तास महाग असतात. आम्ही चारच्या आधी घर ७४ अंशांपर्यंत थंड करून एसी ८० वर सोडतो. पूर्वी पाच वाजायच्या आत तो पुन्हा धडधडू लागे. आता जुलैच्या कडक दिवसांतही साडेसहापर्यंत गप्प असतो. पश्चिमेची शयनगृहे, जिथे रात्री नऊनंतरही सीलिंगमधून धग जाणवायची, ती आता बाकीच्या घरासारखीच राहतात. उन्हाळ्याच्या बिलात साधारण पाचवा हिस्सा वाचला, परंतु दोन उन्हाळे सारखे नसतात, त्यामुळे या आकड्याला मी फार महत्त्व देणार नाही.

खर्च साडेपाच हजार डॉलरच्या आसपास आला, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग गळती बुजवण्याचा व डक्टचा होता. केंद्र सरकारची ३० टक्के, कमाल १,२०० डॉलरची करसवलत इन्सुलेशनच्या फक्त सामानावर होती, मजुरीवर नाही, म्हणून कंपनीने दोन्ही रकमा बिलात वेगळ्या दाखवल्या हे उपयोगी पडले. ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना मिळत नाही, त्यामुळे आता कोटेशनमध्ये कोणी तिचा उल्लेख करत असेल तर तो प्रतिनिधी माहितीत मागे आहे किंवा आपल्याला गृहीत धरतो आहे.

नागपूर-चंद्रपूरकडच्या नातेवाइकांनी हे ऐकून आपल्या घरासाठी विचारले. तिथल्या सपाट काँक्रीटच्या स्लॅबखाली अशी पोकळीच नसते. तिथे वरून पांढरा परावर्तक लेप किंवा विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हाच व्यवहार्य उपाय आहे. इथे चँडलर किंवा गिल्बर्टमध्ये ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे, त्यांनी ते नोव्हेंबर ते मार्चदरम्यान करावे, कारण जूनमध्ये सकाळी नऊनंतर ॲटिकमध्ये कामगार फार वेळ टिकू शकत नाही आणि घाईत आधी मॅस्टिकचेच काम गाळले जाते. कोटेशनमध्ये डक्टच्या आधीच्या व नंतरच्या चाचणीचे आकडे, पिशव्यांची संख्या आणि झाकणाचे इन्सुलेशन या तीन बाबी लेखी मागाव्यात. आमच्या कंपनीने पहिल्या दोन न मागता दिल्या, आणि तिसरीसाठी मे उजाडला.