जॅक कसा गेला? ‘धिस इज अस’ बघताना आमच्या घरातले तर्क

‘धिस इज अस’ ही अमेरिकन मालिका घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावी. एकट्यानं मोबाइलवर बघितली तर निम्मी हातातून जाते. टीव्ही बंद झाल्यावर, भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी डबा भरताना जे बोलणं चालतं, कोण जाणार, कुणाचं लग्न टिकणार, तो अमका असा का वागला, तिथंच ती खरी रंगते.

मी मिरजेत एका हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, राहायला सांगलीत विश्रामबागला. बघणाऱ्या आम्ही चौघी: सासूबाई, जाऊबाई, माझी बारावीतली मुलगी आणि मी. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मुलगी मध्येमध्ये थांबवून सांगायची. त्यानं काही बिघडलं नाही. उलट थांबलं की तर्क सुरू व्हायचे.

गोष्ट पिट्सबर्गच्या पिअर्सन कुटुंबाची. १९८० साली जॅक आणि रिबेकाला तिळं होणार असतात, त्यातलं एक बाळ जन्मताच जातं. त्याच दिवशी फायर स्टेशनपाशी सोडलेलं एक कृष्णवर्णीय बाळ त्याच दवाखान्यात आलेलं असतं, त्याला ते घरी आणतात. केव्हिन, केट आणि हा रँडल. मालिका २०१६ ते २०२२ चालली, सहा सीझन, १०६ भाग. काळ सारखा मागंपुढं होतो, पण दोन-तीन भागांत सवय लागते. पुढचं कळायला नको असेल त्यांनी इथंच थांबून मालिका सुरू करावी.

दुसऱ्या भागाच्या शेवटी रिबेका आजी झालेली दिसते आणि तिच्या शेजारी नवरा म्हणून उभा असतो जॅकचा जिवलग मित्र मिगेल. पाचव्या भागात केट जॅकच्या अस्थी दाखवते. म्हणजे बाप गेलाय हे पहिल्या सीझनच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं. कसा गेला, ते मात्र दुसऱ्या सीझनच्या मध्यापर्यंत सांगत नाहीत. सासूबाईंनी त्याच रात्री निकाल दिला, “दोस्ताची बायको केली म्हंजे ह्येनंच काय तरी केलंय बघा.” जाऊबाईंचं म्हणणं दारू. जॅक पितो हे दिसत होतंच. मुलगी म्हणायची अपघात.

शेवट आधी सांगितला की उत्सुकता संपते असं म्हणतात, मला ते पटत नाही. आपल्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. लोक तरी बसले. शेवट ठाऊक असला की माणूस बारकाईनं बघतो. आमचंही तेच झालं. जॅक जिन्यावरून उतरला तरी जीव वर-खाली.

मग तो आगीचा भाग. शेजाऱ्यांनी दिलेला जुना स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणारं विजेचं भांडं, त्याचं बटण बिघडलेलं. जॅक झोपायच्या आधी सगळं आवरतो, कुकर बंद करतो, आणि मागून ठिणगी पडून शेजारचं फडकं पेटतं. धुराच्या अलार्ममध्ये सेल नसतात, ते आणायचे राहिलेले असतात. हे दाखवल्यावर अमेरिकेत लोक आपापल्या स्लो कुकरला इतके घाबरले, की तो बनवणाऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. आमच्या जाऊबाई तेव्हापासून झोपायच्या आधी किचनमधले सगळे प्लग काढतात, आणि ते बरोबरच आहे.

जॅक सगळ्यांना बाहेर काढतो, केटच्या कुत्र्यासाठी परत आत जातो आणि चालत बाहेर येतो. घरात सगळ्यांनी श्वास सोडला. मी म्हटलं, अजून संपलेलं नाही. भाजलेल्या पेशंटचा हात सगळ्यांना दिसतो, छातीत गेलेला धूर दिसत नाही. माणूस बोलतो, हसतो, आणि काही तासांत हृदय बंद पडतं. तसंच झालं. रिबेका मशीनमधून चॉकलेट आणायला गेलेली असते. डॉक्टर येऊन सांगतात आणि तिला ते कळतच नाही, ती चॉकलेटचा घास घेते. नातेवाईक असेच वागतात. मी कित्येकदा बघितलंय. रिबेकाचं काम करणाऱ्या मँडी मूरनं तो क्षण जसा केलाय तसा मी दुसऱ्या कुठल्याच मालिकेत बघितला नाही.

मला खटकलं ते तिसऱ्या सीझनमध्ये. दुसऱ्याच्या शेवटी म्हातारा झालेला रँडल त्याच्या मुलीला म्हणतो, “तिला भेटायची वेळ झाली”, आणि ही ‘ती’ कोण हे सांगायला अख्खा तिसरा सीझन घेतला. ती रँडलची बायको बेथच असणार म्हणून माझी मुलगी रडकुंडीला आलेली. एवढं ताणायची गरज नव्हती. केव्हिनच्या व्हिएतनाम प्रवासाचे भागही संथ आहेत. आणि रँडल भाषणं फार देतो, जरी त्याचं काम करणारा स्टर्लिंग के. ब्राऊन ती इतक्या मनापासून देतो की पुढं ढकलवत नाहीत.

पण ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, त्या मिगेलचं जे केलंय त्यासाठी मी पूर्ण मार्क देईन. शेवटच्या सीझनमध्ये एक भाग त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. रिबेकाला अल्झायमर झालेला, आणि हा स्वतःची तब्येत ढासळत असताना तिचं सगळं करतो. शेवटी तिच्याआधी तोच जातो. सासूबाई भाग संपल्यावर एवढंच म्हणाल्या, “लई केलं बिचाऱ्यानं.” पहिल्या सीझनपासून त्याच्या वाट्याला आलेला तो राग उतरायला सहा सीझन लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

रिबेकाचा शेवट एका आगगाडीच्या डब्याडब्यांतून दाखवलाय. खाटेभोवती मुलं-सुना येऊन एकेक करून निरोप घेतात, इकडं ती डब्यातून पुढं जाते, पण शेवटच्या डब्यात शिरत नाही. केट परदेशातून यायची असते. केट पोचते, मग ती जाते. वॉर्डात आम्ही म्हणतो, अमक्याचा जीव अमक्यात अडकलाय, त्याला बोलवून घ्या. अमेरिकेतल्या लेखकालाही ते माहीत आहे, याचं मला फार बरं वाटलं.

ज्यांच्या घरी विसरण्याचा आजार असलेलं माणूस आहे, त्यांना सहावा सीझन जड जाईल, तरी बघा म्हणेन. त्यात रिबेका शुद्धीत असतानाच मुलांना जमवून सांगते, मिगेलनंतर माझे निर्णय केट घेईल, आणि माझ्यामुळं तुमची आयुष्यं लहान करू नका. आयसीयूच्या दारात भावंडांची भांडणं होतात ती हे आधी न ठरल्यानं. नर्स म्हणून मला तो प्रसंग सगळ्या मालिकेत मोलाचा वाटला.

पाचात साडेचार. पहिला सीझन सलग बघितला तरी चालेल, दुसऱ्यापासून दिवसाला एकच भाग लावा आणि पुढं काय झालं ते नेटवर शोधू नका. घरात एखादी मोठी बाई असेल तर तिला जवळ बसवा. तर्क तीच चांगले करते.